न्याहाळून शिकायचं इंग्रजी

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मी एम.ए. करत होते तेव्हाची गोष्ट. पहिला निबंध तपासून परत आला, तर त्यात एकाच शब्दाला तीन ठिकाणी पेन्सिलीनं गोल केलेले. शब्द होता ‘एव्हिडन्सेस’. शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं. चूक उघड आहे, वेगळं सांगायला नको, असं तपासणाऱ्या बाईंना वाटलं असावं. मला मात्र ती कळेना. एक पुरावा, अनेक पुरावे. तसं एक एव्हिडन्स, अनेक एव्हिडन्सेस. यात बिघडलं कुठे?

घरून नेलेल्या इंग्रजी–मराठी कोशानं ‘पुरावा’ एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात वर्गातल्या एका जपानी मैत्रिणीनं परभाषकांसाठी केलेला इंग्रजी–इंग्रजी कोश माझ्यापुढे उघडला आणि ‘एव्हिडन्स’ या शब्दापुढच्या बारीकशा ‘यू’ अक्षरावर बोट ठेवलं. यू म्हणजे अनकाउंटेबल, न मोजता येणारं नाम. शंभर पुरावे असले तरी ते इंग्रजीत एव्हिडन्सच. त्या दिवशी मी एक यादी केली: पुरावे, संशोधनं, सल्ले, उपकरणं. मराठीत ही सगळी अनेकवचनं बिनदिक्कत चालतात. इंग्रजीत एव्हिडन्स, रिसर्च, ॲडव्हाइस आणि इक्विपमेंट ही चारही नामं सर्वसाधारणपणे एकवचनातच राहतात. गंमत अशी की ‘माहिती’ मराठीतही एकवचनीच, म्हणून ‘इन्फर्मेशन’पाशी आपण सहसा अडखळत नाही. आपल्या चुका आपल्या भाषेच्या वळणानं होतात. त्यामुळे त्या शोधता येतात आणि मोजक्याही असतात, हे कळल्यावर मला फार हलकं वाटलं.

असले कोश परभाषकांना शिकवता शिकवताच जन्माला आले. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांची अडचण ओळखून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं तो आपल्या नावानं काढला. आज ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिन्हींचे असे कोश इंटरनेटवर फुकट उघडतात. विद्यापीठात जाणाऱ्या प्रत्येकानं शब्दाचा अर्थ पाहून झाल्यावर तिथे आणखी अर्धा मिनिट थांबावं. नाम मोजता येतं का, क्रियापदानंतर कोणतं शब्दयोगी येतं, उदाहरणाच्या वाक्यात शेजारी कोण बसलं आहे, हे पाहावं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लोक तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले, आणि स्वतःच्या बळावर शिकले. पण ती वाट मराठी वाक्याकडून इंग्रजी वाक्याकडे जाणारी. विद्यापीठातल्या इंग्रजीला त्या वाटेनं पोहोचता येत नाही, कारण तिथली वाक्यं मराठीत आपण कधी लिहिलेलीच नसतात.

हे इंग्रजी वेगळं आहे ते नेमकं कुठे? आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाचा दुसरा प्रश्न निबंधाचा. किमान अडीचशे शब्द, वेळ साधारण चाळीस मिनिटं, आणि मत तुमचं स्वतःचं. कोणाचा संदर्भ द्यावा लागत नाही. चांगले गुण मिळवून विद्यार्थी विमानात बसतो आणि पाच-सहा आठवड्यांत त्याच्यापुढे तीन हजार शब्दांची असाइनमेंट येते. तिच्यात त्याला दहा-पंधरा लेखकांशी बोलायचं असतं: हा असं म्हणतो, ती त्याला विरोध करते, दोघांनी अमुक गोष्ट पाहिलेली नाही, आणि मला वाटतं ते असं. शब्दसंग्रह पुरेसा असतो, व्याकरणही ठीक असतं. पण या संभाषणात कधी, किती जोरानं आणि कोणत्या सुरात बोलायचं, ते माहीत नसतं. तिथे जन्मलेल्या मुलांनाही ते माहीत नसतं. शेजारच्या खोलीतली यॉर्कशायरची मुलगी माझ्याइतकीच गोंधळलेली होती. फरक एवढाच की तिचे ‘एव्हिडन्सेस’ होत नसत. विद्यापीठाचं इंग्रजी कोणाचीच मातृभाषा नाही. म्हणूनच ते स्वतः शिकता येतं. आणि ते शिकवणारी सर्वांत चांगली साधनं नियम सांगत बसत नाहीत. माणसं प्रत्यक्षात कसं लिहितात ते दाखवतात.

यांतलं माझं सर्वांत आवडतं साधन म्हणजे कॉर्पस, खऱ्या लिखाणाचा मोठा साठा. वॉरिक, रेडिंग आणि ऑक्सफर्ड ब्रूक्स या विद्यापीठांनी २००४ ते २००७ या काळात खऱ्या विद्यार्थ्यांच्या असाइनमेंट गोळा केल्या. पहिल्या वर्षापासून एम.ए., एम.एस्सी.पर्यंतच्या, तीसहून अधिक विषयांतल्या आणि चांगले गुण मिळालेल्याच. त्या साठ्याचं नाव ‘ब्रिटिश अकॅडेमिक रिटन इंग्लिश’, तोंडी ‘बॉ’. त्यात सुमारे पासष्ट लाख शब्द आहेत आणि स्केच इंजिनच्या संकेतस्थळावर त्यात फुकट शोध घेता येतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचा असाच ‘मिकस्प’ नावाचा साठा आहे: ‘ए’ श्रेणी मिळालेले सुमारे ८३० निबंध, सोळा विषयांतले, विषय निवडून पूर्ण वाचता येतात. आपल्यासारख्याच कोणीतरी आदल्या वर्षी लिहिलेला आणि प्राध्यापकांना आवडलेला निबंध शेवटी दिसतो कसा, हा प्रश्न प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या मनात असतो आणि तो विचारायला लाज वाटते. इथे त्याचं उत्तर कोणालाही न विचारता मिळतं.

शोध घेतल्यावर काय दिसतं ते जवळून पाहू. शोधाच्या खिडकीत ‘एव्हिडन्स’ टाइप केलं की पडद्यावर ओळींमागून ओळी येतात. प्रत्येक ओळीच्या बरोब्बर मध्यभागी तोच शब्द, डावीकडे त्याच्या आधीचे चार-सहा शब्द, उजवीकडे नंतरचे. वाक्यं पूर्ण नसतात, पण ती वाचायचीच नसतात. वरून खाली नजर फिरवायची, बाजारात भाजी निवडताना फिरवतो तशी. डावीकडे ‘देअर इज लिटल’, ‘प्रोव्हाइड्स’, ‘अ पीस ऑफ’ पुन्हा पुन्हा दिसू लागतात. उजवीकडे ‘सजेस्ट्स दॅट’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘टु सपोर्ट’. वीस ओळींत एक गोष्ट ध्यानात येते. पुरावा इंग्रजीत सहसा ‘सिद्ध’ करत नाही, तो ‘सुचवतो’. माझ्या निबंधात तो प्रत्येक ठिकाणी ‘प्रूव्ह्ज’ होता. त्या चुकीला बाईंनी गोल केला नव्हता, कारण ती व्याकरणाची नव्हतीच.

अशा ओळी विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याची पद्धत रुजवली ती टिम जॉन्स यांनी, बर्मिंगहॅम विद्यापीठात. परदेशी विद्यार्थी आपल्या लिखाणातलं अडलेलं वाक्य घेऊन त्यांच्याकडे येत. नियम सांगून विद्यार्थ्याला वाटेला लावण्याऐवजी ते त्याला संगणकापुढे बसवत, त्या शब्दाच्या ओळी काढत आणि दोघं मिळून उत्तर शोधत. १९९० च्या सुमारास त्यांनी या पद्धतीला ‘डेटा-ड्रिव्हन लर्निंग’ हे नाव दिलं. विद्यार्थ्यानं शेरलॉक होम्स व्हावं, अशी त्यांची कल्पना होती. मला त्यांच्या कामातली दुसरीच गोष्ट भावते. उत्तर शिक्षकालाही आधी माहीत नसायचं. एका खऱ्या वाक्यापुढे दोघंही सारखेच शोधक.

कॉर्पसची सवय लागायला वेळ लागतो हे खरं. ज्याला उद्याच असाइनमेंट द्यायची आहे त्याच्यासाठी मँचेस्टर विद्यापीठाची ‘अकॅडेमिक फ्रेजबँक’ आहे. जॉन मॉर्ली यांनी ती उभी केली, मुळात त्याच विद्यापीठातल्या प्रबंधांतून वेचून. इथे वाक्यांचे सांगाडे मिळतात, आणि ते व्याकरणानुसार लावलेले नसून कामानुसार लावलेले असतात. विषयाला सुरुवात करायची आहे, इतरांच्या अभ्यासाचा हवाला द्यायचा आहे, पद्धत सांगायची आहे, दोन मतांची तुलना करायची आहे, टीका करायची आहे, सावध विधान करायचं आहे, अशी दालनं. जे काम करायचं ते दालन उघडायचं.

हे सांगाडे उचलले तर वाङ्मयचौर्य होतं का, असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाही होत. ज्या वाक्यात कोणाचा विशिष्ट विचार नाही, जे त्या क्षेत्रातले सगळेच वापरतात, ते सामाईक असतं. पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहिणारा कोणाची चोरी करत नाही. चोरी विचाराची होते, दुसऱ्याच्या निष्कर्षाची होते, त्याच्या खास शब्दकळेची होते. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी प्रामाणिक मुलं दोन्हीकडून चुकतात. सर्वांच्या वाक्यांना हात लावायला घाबरतात आणि एकाचा विचार शब्द बदलून संदर्भाशिवाय ठेवून देतात. संदर्भ कसा द्यायचा याच्या तांत्रिक बाजूसाठी पर्ड्यू विद्यापीठाचं ‘आउल’ हे संकेतस्थळ १९९४ पासून चालू आहे. एपीए, एमएलए, शिकागो या पद्धती तिथे उदाहरणांसह मिळतात. ब्रिटनमध्ये हार्वर्ड पद्धतीचे अनेक पाठभेद चालतात, तेव्हा आपल्या विभागाचं पत्रक शेजारी ठेवणं बरं.

सावध विधानाच्या दालनात मात्र मराठी विद्यार्थ्यानं जरा जास्त वेळ काढावा. आपलं लिखाण ठाम होतं, शिक्षक ‘दावा फार मोठा आहे’ असा शेरा मारतात, आणि आपल्याला वाटतं की इंग्रजांच्या भिडस्तपणाची ही नक्कल करावी लागणार. तसं नाही. वर मी लिहिलं, तपासणाऱ्या बाईंना वाटलं ‘असावं’. त्या एका ‘असावं’मध्ये सगळं आलं: मला खात्री नाही, मी खुणेवरून अंदाज करते आहे, आणि तो बराच संभवनीय आहे. पाऊस पडला, पाऊस पडला असेल, पाऊस पडला असावा. अंगण ओलं दिसल्याशिवाय तिसरं वाक्य आपण बोलत नाही. पुराव्याची मात्रा क्रियापदात ओतण्याची ही सोय आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे. इंग्रजीत ते काम ‘मे’, ‘अपिअर्स टु’, ‘इट इज लाइकली दॅट’, ‘टेंड्स टु’ अशा शब्दांनी होतं. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मनात मराठीत म्हणून पाहावं: इथे मी ‘आहे’ म्हणेन, ‘असेल’ म्हणेन की ‘असावं’? आणि मग फ्रेजबँकेत जावं. मला या एका युक्तीनं जेवढं दिलं तेवढं कुठल्या पुस्तकानं दिलं नाही.

आता शब्दसंग्रह. न्यूझीलंडमधल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे पस्तीस लाख शब्दांचं विद्यापीठीय लिखाण तपासलं. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांमधलं, अठ्ठावीस विषयांमधलं. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये केलेल्या सुमारे दोन हजार नित्याच्या शब्दांच्या यादीत जे होते ते त्यांनी वगळले आणि उरलेल्यांतून सर्व शाखांत भेटणारे वेचले. २००० साली त्यांची ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध झाली: ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दाच्या रूपांचे गट. विद्यापीठीय मजकुरातला जवळजवळ दहावा हिस्सा याच शब्दांचा असतो. तेवढ्याच लांबीच्या कथा-कादंबऱ्यांत हेच प्रमाण दीड टक्क्याच्या आत राहतं. म्हणजे इंग्रजी कादंबऱ्या कितीही वाचल्या तरी हे शब्द फारसे भेटत नाहीत.

माँट्रियलच्या टॉम कॉब यांच्या ‘कंप्लीट लेक्सिकल ट्यूटर’ या संकेतस्थळावर आपला परिच्छेद चिकटवला की शब्द रंगून येतात. नेहमीचे शब्द निळे-हिरवे, या यादीतले पिवळे, यादीबाहेरचे लाल. स्वतःचा परिच्छेद आणि आपल्या विषयातल्या एखाद्या चांगल्या लेखाचा परिच्छेद असे दोन्ही तिथे घालून पाहावेत. रंगांतला फरक नजरेत भरतो.

पण ही यादी पाठ करायला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केन हायलंड आणि पॉली त्से यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की एकच शब्द विषयागणिक वेगळा वागतो. ‘स्ट्रॅटेजी’ व्यवस्थापनशास्त्रात ‘मार्केटिंग’शेजारी बसते, भाषाशिक्षणात ‘लर्निंग’शेजारी, समाजशास्त्रात ‘कोपिंग’शेजारी. शब्द एकटा पाठ केला तर त्याचे शेजारी सुटतात आणि वाक्य जमत नाही. यादी हातात धरून आपल्याच विषयाचा लेख वाचावा, तिच्यातला शब्द भेटला की शेजाऱ्यांसह वहीत उतरवावा. आठवड्यानं पुन्हा पाहण्यासाठी ‘अँकी’सारखं फुकट ॲप कामाला येतं, पण कार्डावर शब्द एकटा न लिहिता पूर्ण पदबंध लिहावा.

लेखाची बांधणी कशी शिकायची? याचं उत्तर शोधणाऱ्यांत जॉन स्वेल्स यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. लिबिया आणि सुदानमध्ये शिकवून आलेल्या या इंग्रज अभ्यासकानं १९८१ मध्ये अठ्ठेचाळीस संशोधनलेखांच्या प्रस्तावना तपासल्या आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या चाली शोधल्या. १९९० मध्ये त्यांनी हा आराखडा तीन चालींत मांडला. आधी क्षेत्र दाखवायचं: हा विषय महत्त्वाचा आहे, त्यावर इतकं काम झालं आहे. मग त्यातली मोकळी जागा दाखवायची: पण हे राहून गेलं आहे. मग ती जागा घ्यायची: या लेखात मी ते करते.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला बाबासाहेबांचा निबंध आठवला. ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. तो काढून, हातात पेन्सिल घेऊन वाचावा. आरंभी विषय किती गुंतागुंतीचा आहे ते येतं. मग सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि डॉ. केतकर या चौघांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून समोर येतात आणि प्रत्येकीत काय अपुरं आहे ते दाखवलं जातं. केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोशकार झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचं जातिसंस्थेवरचं इंग्रजी पुस्तक १९०९ चं. केतकरांच्या व्याख्येला आंबेडकर बाकी तिघांपेक्षा जास्त मान देतात आणि तरीही म्हणतात की त्यांनी जातीची म्हणून सांगितलेली दोन लक्षणं खरं तर एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. या जागेतून मग त्यांचा स्वतःचा सिद्धान्त वर येतो: जातीचं मूळ लक्षण म्हणजे जातीअंतर्गत विवाह. क्षेत्र, मोकळी जागा, जागा घेणं. आपल्याआधीच्या विद्वानाचा आदर ठेवून त्याच्या पुढे कसं जायचं, हे मराठी विद्यार्थ्याला यापेक्षा चांगलं कोण दाखवणार? महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडाची सुरुवातच या निबंधानं होते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आज जी मुलं ब्रिटन-अमेरिकेत जातात, त्यांतल्या काहींबरोबर मी हा निबंध ओळीनं वाचला आहे. चालींचे आकडे समासात लिहीत आम्ही पुढे सरकतो आणि चौथ्या पानापर्यंत एखादी मुलगी आपल्याच डिसर्टेशनची प्रस्तावना काढून तिच्या समासात आकडे घालू लागते. बहुतेक वेळा दोन हा आकडा कुठेच पडत नाही. काय राहून गेलं आहे, ते सांगायचंच राहिलेलं असतं.

ऐकण्याबद्दल थोडक्यात. व्याख्यानाचं इंग्रजी छापील इंग्रजीहून सैल असतं. वक्ता मध्येच मागे जातो, दुरुस्ती करतो, विनोद करतो. मिशिगनचा ‘मिकेस’ हा बोललेल्या इंग्रजीचा साठा अठरा लाख शब्दांचा आहे, त्यातली व्याख्यानं आणि चर्चा लिखित रूपात वाचता येतात. लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून सर्वांसाठी मोफत व्याख्यानं देत आलं आहे आणि आता ती इंटरनेटवर ऐकता येतात. एमआयटीचे आणि आपल्या आयआयटींच्या एनपीटीईएलचे वर्गही आहेत. एकदा नुसतं ऐकून टिपणं काढावीत, मग लिखित मजकुराशी ताडून पाहावीत. काय सुटलं यापेक्षा कुठे सुटलं ते पाहावं. माझं नेहमी वक्त्यानं विषय बदलला त्या वाक्यापाशी सुटायचं.

यंत्राकडून निबंध लिहून घेण्याचा मोह आज प्रत्येकापुढे आहे. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, ते आधी वाचावेत. पण नियमांपलीकडेही माझं म्हणणं आहे. चॅटबॉटला ‘हे नीट करून दे’ म्हटलं की वाक्य गुळगुळीत होऊन परत येतं आणि चूक काय होती ते आपल्याला कळतच नाही. ‘या वाक्यात माझा दावा पुराव्यापेक्षा मोठा झाला आहे का, आणि कोणत्या शब्दामुळे?’ असं विचारलं तर काहीतरी हाती लागतं. मिळालेलं उत्तर कॉर्पसच्या ओळींवर पडताळावं, कारण यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासानं देतं.

आणि माणसं. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत लेखनासाठी मदत करणारा विभाग असतो आणि विद्यार्थ्याला त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. आपली मुलं तिथे फार उशिरा जातात, गुण कमी पडल्यावर. जातात तेव्हा अख्खा निबंध पुढे करून ‘तपासून द्या’ म्हणतात. तिथली माणसं निबंध तपासून देत नाहीत, ते त्यांचं कामही नव्हे. एकच परिच्छेद न्यावा आणि एकच प्रश्न न्यावा. मी दुसऱ्या सत्रात गेले तेव्हा प्रश्न वहीच्या कोपऱ्यात लिहून नेला होता: या परिच्छेदात माझा आवाज कोणता आणि मी वाचलेल्या लेखकांचा कोणता, हे तुम्हाला वेगळं ऐकू येतं का? समोरच्या बाईंनी परिच्छेद दोनदा वाचला, हिरवं आणि निळं अशी दोन पेनं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, तूच रंगव. निळं पेन लेखकांसाठी होतं. परिच्छेद संपला तेव्हा हिरव्या पेनाचं टोपणही मी काढलेलं नव्हतं.